चेरी, अंजीर, चामडं, तंबाखू

आमच्या घराण्यात दारूला कोणी शिवलेलं नाही असं मी चारचौघांत सांगतो, तेव्हा मोठ्या काकांना मनातल्या मनात घराण्यातून वगळतो. मी स्वतः मात्र खरोखरच कोरडा. सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड चौकट चढवायची, एकामागून एक भिंगं घालायची आणि विचारायचं, "आता कसं? हे बरं की आधीचं बरं?" एवढ्या एका प्रश्नावर मी घर चालवलं, मुलीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. अशा माणसानं स्पेन देशातल्या एका काळ्या द्राक्षाच्या नादी लागावं असं काही कारण नव्हतं. पण बायकोचं नाक गेलं आणि त्याच्या मागोमाग माझी अक्कलही गेली.

नाक गेलं म्हणजे जागेवर आहे, चांगलं सरळ आहे, फक्त त्याला वास येत नाही. साधा ताप आला होता. ताप उतरला, खोकला गेला, दुखणं पाहुण्यासारखं आपल्या घरी परतलं आणि जाताना तिच्या नाकातलं सगळं सामान बांधून घेऊन गेलं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळायचं, त्यापुढे सगळा कापूस. ती म्हणायची, "घास तोंडात असतो हो, पण दार उघडून आत जावं आणि घरात कोणीच नसावं, तसं होतं."

माझं नाक गेलं असतं तर मला बहुधा महिन्याभरानं पत्ता लागला असता. पण ही एका मोठ्या छापखान्याच्या कँटीनमधली मुख्य स्वयंपाकीण. शेकडो माणसं रोज तिच्या हातचं जेवत. ती पातेल्यावर नुसती वाकायची आणि सांगायची, कांदा अजून कच्चा आहे. पलीकडच्या खोलीतून सांगायची, खाली लागतंय, गॅस बारीक करा. आजारातून उठून ती कामावर गेली आणि तिनं नासलेलं दूध सूपमध्ये ओतलं. मदतनीस बाईनं वेळेवर ओळखलं म्हणून ते सूप मोरीत गेलं, लोकांच्या पोटात नाही. कँटीनचे साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिला लांबची रजा दिली आणि म्हणाले, "तिमाही संपेपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. तोवर नाक घेऊन या. नाहीतर मलाही वर उत्तर द्यावं लागतं." ते वाक्य घेऊन ती घरी आली.

नाकाच्या डॉक्टरांनी सराव सांगितला. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी, असे ठरलेले वास रोज दोनदा हुंगायचे. येतील का, विचारलं तर म्हणाले, "कोणाला महिन्यांत येतात, कोणाला दोन वर्षांत, कोणाला येतच नाहीत." डॉक्टर लोकांची ही एक पद्धत आहे. तीन उत्तरं देतात, म्हणजे एक तरी खरं निघतंच.

मी मग माझ्या धंद्यातली अक्कल चालवली. टेबलावर ओळीनं वाट्या मांडल्या, तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेक वाटी नाकाखाली धरून विचारू लागलो, "हे बरं की आधीचं बरं?" ती बिचारी मन लावून हुंगायची आणि म्हणायची, "आधीचं." पुन्हा दुसरी जोडी, पुन्हा "आधीचं." एकदा माझ्याकडून गडबडीत दोन्ही वेळा रिकामीच वाटी धरली गेली. ती थोडा विचार करून म्हणाली, "आधीचं जरा बरं होतं." मी वाट्या धुऊन ठेवल्या आणि तिला काही सांगितलं नाही.

अशा वेळी तळमजल्यावरच्या कप्तानांनी आमच्या प्रकरणात नाक खुपसलं. कप्तान हे कप्तान कधीच नव्हते. ते प्रवासी बोटीवर जेवणघरात वाइन वाढायचे, पण बोट त्यांच्याशिवाय किनाऱ्याला लागली नसती असं त्यांच्या बोलण्यावरून वाटे, म्हणून इमारतीनं त्यांना परस्पर बढती दिली होती. ते जिन्यात मला अडवून म्हणाले, "चष्मेसाहेब, लवंग हुंगून नाक उघडत असतं तर मसालेवाल्याला कधी सर्दीच झाली नसती. एकेक वास हुंगवत बसलात तर वहिनी म्हाताऱ्या होतील. टेम्प्रानियो आणा."

मला ते मलमाचं नाव वाटलं. तर ते निघालं द्राक्ष. स्पेनमधलं, काळं, जाड सालीचं, बाकीच्या भाऊबंदांच्या आधी पिकणारं, म्हणून तिकडच्या भाषेत त्याचं नावच 'लवकरचं' असं पडलेलं. "त्याची वाइन काही वर्षं लाकडी पिंपात आणि मग बाटलीत झोपवली," कप्तान डोळे मिटून म्हणाले, "की एका ग्लासात ओळीनं वास येतात. चेरी, वाळवलेलं अंजीर, चामडं, तंबाखू आणि शेवटी व्हॅनिला. आख्खा बाजार आहे एका बाटलीत. त्यातलं एक तरी दुकान वहिनींना उघडं सापडेल."

"चामडं प्यायचं?" मी विचारलं.

"हुंगायचं. प्यायचं शेवटी. आणि तेही शिकताना थुंकायचं."

पुढे कित्येक आठवडे हे पाच शब्द आमच्या जिन्यात घुमत राहिले. कप्तान भेटेल त्याला ते याच क्रमानं ऐकवत. पेपर टाकणाऱ्यालाही पाठ झाले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडबाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दर पायरीला एकेक पुटपुटत आणि पाचव्या पायरीवर दम खायला थांबत.

आमच्या भागातल्या दुकानात मी मान खाली घालून गेलो. दुकानदारानं विचारलं, लाल की पांढरी. मी म्हणालो, लाल, पण कुठल्या द्राक्षाची आहे ते बघून द्या. तो म्हणाला, "द्राक्षाच्याच द्राक्षाची आहे, साहेब." तिथून मी तसाच परतलो आणि परदेशातल्या मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही वाइन मागताय? ताईला काही झालंय का? मला खरं सांगा." खरं सांगितल्यावर त्यानं उत्तमातली उत्तम बाटली पाठवतो असं कबूल केलं. त्यानं शब्द पाळला. घोडं अडलं ते जकातीच्या कचेरीत.

तिथे अर्जावर एक रकाना होता, 'वस्तू कशासाठी मागवली'. माझ्या मागे रांगेत दुकानातली दोन जुनी गिऱ्हाइकं उभी होती. दोघांचे चष्मे मीच केलेले, म्हणजे त्यांना माझं अक्षर लांबून स्वच्छ दिसणार याची मला खात्री होती. 'पिण्यासाठी' लिहायला हात धजेना. मी लिहिलं, 'औषधोपचारासाठी'. खिडकीतला कारकून म्हणाला, "मग हे औषध झालं. औषधांची खिडकी वर." वरच्या खिडकीनं डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. डॉक्टर म्हणाले, "मी वाइन लिहून दिली तर उद्या माझ्या दारात जत्रा भरेल." बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी लिहून दिलं, 'रुग्णास केवळ हुंगण्यासाठी'. वरच्या खिडकीनं ते दोनदा वाचलं आणि निकाल दिला, "केवळ हुंगण्यासाठी असेल तर हे औषध नाही, हे अत्तर आहे. अत्तरांची खिडकी खाली." अत्तरांच्या बाई म्हणाल्या, एवढं अत्तर एकटा माणूस लावत नाही, हा व्यापार दिसतो, दुकानाचा परवाना दाखवा. मी मालकांकडून चष्म्याच्या दुकानाचा परवाना आणून दाखवला. त्यांनी तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या नाकी नऊ आले.

शेवटी एका मोठ्या साहेबांपुढे मला उभं केलं. माझी सहनशक्ती संपली होती. मी सरळ सांगितलं, बायकोला वास येत नाही, तिची नोकरी जाईल, आणि ती माझ्यापाशी रडतही नाही. साहेबांनी कागदांचा तो सगळा गठ्ठा बाजूला सारला, एक कोरा अर्ज पुढे केला आणि म्हणाले, "लिहा, पिण्यासाठी." मी लिहिलं. रांगेतली ती दोन गिऱ्हाइकं तोवर घरी जाऊन जेवलीसुद्धा असतील.

बाटली घरी आली. पण कप्तान म्हणाले, घोट खेळवायचा कसा, हवा ओढायची कशी, थुंकायचं कसं, हे यजमानाला यायला हवं, नाहीतर वहिनी कोणाकडे पाहून करतील? बाटली तर एकच. म्हणून सराव बिटाच्या रसावर ठरला. मी रोज सकाळी गॅलरीत उभा राहायचो, ग्लास गोल फिरवायचो, नाक आत घालायचो, घोट गालात खेळवायचो आणि कुंडीत बारीक धार सोडायचो. धार बारीक यायला हवी, कप्तानांचा तसा कटाक्ष होता. माझी यायची ती फवाऱ्यासारखी.

हे दृश्य वरच्या गॅलरीतून हेडबाईंनी पाहिलं. त्या मला काही बोलल्या नाहीत, बाकी सगळ्यांशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी समोरचे वकील आले, दारालगतच्या खुर्चीवर बसले, तोंडावर रुमाल धरला आणि हवापाण्याच्या चार गोष्टी करून म्हणाले, "मृत्युपत्र केलंय का तुम्ही? नाही, सहज विचारतो." त्यांच्यामागून फळं आली. फळांमागून एक दूरचा चुलत भाऊ आला, त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि लगेच जाऊन स्वतःचे हात धुतले. दुकानाच्या मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, गिऱ्हाइकं तुमच्या तोंडासमोर तोंड करून बसतात, छातीचा फोटो काढून आणा. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं हाकलून दिलं नव्हतं. फोटो काढणारा म्हणाला, "छाती स्वच्छ आहे. दात मात्र घासत चला, लाल आहेत."

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको हसली. ताप उतरल्यापासून पहिल्यांदा हसली. ओट्याला टेकून, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझा एवढा अपमान झाला होता, पण तिला तसं हसताना पाहून मी आणखी चार पेले बीट थुंकायला तयार झालो असतो.

रक्ताच्या गुळण्यांचा गैरसमज दूर झाल्यावर इमारतीला आपल्या वागण्याची लाज वाटली, आणि लाजेपोटी माणसं जे करतात तेच सगळ्यांनी केलं, म्हणजे मदत. या वाइनबरोबर काय खायचं यावर आमच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. कप्तानांनी सांगितलं, भाजलेली मेंढीची मांडी, मेंढीच्याच दुधाचं कडक चीज आणि लोण्यात परतलेले मशरूम. वाइनचा तुरटपणा जिभेवर चढला की मांसाची चरबी तो उतरवते, अशी त्यांची यामागची भूमिका होती. हेडबाईंनी मशरूम पत्करले. वकिलांनी चीज पत्करलं आणि लहान मुलांच्या डब्यात असतात ते चंदेरी कागदातले चौकोनी तुकडे आणले. हे मेंढीचं आहे का, असं कप्तानांनी विचारल्यावर ते म्हणाले, "मेंढीचं नाही असं यावर कुठेही लिहिलेलं नाही." कप्तानांनी आणखी एक फर्मान काढलं की त्या दिवशी कोणी अत्तर, पावडर, केसांचं तेल काही लावायचं नाही. वकिलांना गुडघ्याचा बाम सोडायला फार जड गेलं.

मांडी भाजायचं काम बायकोनं स्वतःकडे घेतलं. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मी तिच्या शेजारी. ती आता कानानं स्वयंपाक करायची, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. चरबीचा आवाज बदलला की आच कमी करायची. बोटानं दाबून मांस किती शिजलं ते सांगायची. मधेच थांबून मला विचारायची, "वास सुटला का?" मी म्हणायचो, सुटला. "कसा आहे?" मी म्हणायचो, छान आहे. ती माझ्याकडे पाहत राहायची, जणू मी पुढे काही बोलेन. मला पुढचं काही येत नव्हतं. आठवड्याभरानं तिमाही संपत होती आणि कँटीनच्या साहेबांचा निरोप येऊन गेला होता की सोमवारपर्यंत काय ते कळवा.

दुपारी सगळे जमले. आम्ही दोघं, कप्तान, हेडबाई, वकील. टेबलावर पांढरं कापड होतं, मांडी सुरेख तांबूस झाली होती, आणि वकिलांचं चीज कागद सोलून शिस्तीत उभं होतं. कप्तानांनी बूच काढलं आणि रिवाजाप्रमाणे आधी स्वतः चाखून बघायला ग्लास उचलला. मी त्यांना थांबवलं. इथे माझा धंदा आडवा आला. तपासणीच्या वेळी दुसऱ्यानं आधी वाचायचं नसतं, हा आमच्याकडचा पहिला नियम. आधी दुसरा काही बोलला की खुर्चीतल्या माणसाला तेच दिसायला लागतं. मी म्हणालो, "पहिला ग्लास हिचा. तोवर कोणी हुंगायचं नाही, चेहरासुद्धा करायचा नाही." कप्तानांना ते पटलं नाही, पण मान तुकवून त्यांनी तिच्या ग्लासात ओतलं.

तिनं ग्लास फिरवला. डोळे मिटले, नाक आत घातलं आणि लांब श्वास घेतला. मग एक घोट. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होतो.

"चेरी," ती म्हणाली.

हेडबाईंनी तोंडावर हात ठेवला. बायकोनं पुन्हा श्वास घेतला. "आणि वाळवलेलं अंजीर. हो, अंजीर आहे." जरा थांबून, "चामडं. नव्या चपलेचं असतं तसं. आणि मागून तंबाखू." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "शेवटी व्हॅनिला."

वकिलांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाई उघड उघड रडल्या. मी काय केलं ते मला आठवत नाही, पण कप्तान नंतर म्हणाले की मी त्यांना मिठी मारली. बायको म्हणाली, "आता उद्या जाऊन साहेबांना सांगून येते, येतेय म्हणून." यावर वकील उठून उभे राहिले आणि म्हणाले, सगळ्यांचे ग्लास भरा.

ग्लास भरले. मी माझा उचलला, शिकवल्याप्रमाणे फिरवला आणि नाक आत घातलं. वास आला तो पोतेऱ्याचा. ओलं पोतेरं बादलीत तसंच विसरून गावाला जावं आणि परत येऊन दार उघडावं, अगदी तसा. मला वाटलं, माझंच काही चुकतंय, हेच ते चामडं असेल. मी कप्तानांकडे पाहिलं. त्यांचा ग्लास नाकाशीच थांबला होता. त्यांनी टेबलावरचं बूच उचललं, हुंगलं आणि हळूच खिशात टाकलं. मग माझ्या कानाशी वाकून फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बूच खराब निघालं. बाटली मेली आहे. यात चेरी नाही, काही नाही. ज्याला नाक आहे त्याला पहिलं हेच यायला हवं."

आमच्या दुकानात काही गिऱ्हाइकं बाकावर वाट पाहत बसलेली असताना समोरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून टाकतात. फसवायचं नसतं त्यांना, नापास व्हायची लाज वाटते. मग खुर्चीत बसून धडाधड सगळं वाचून दाखवतात, शेवटच्या ओळीपर्यंत, एकही चूक न करता. तसं वाचलं की मला कळतं, याला काहीच दिसत नाही. ज्याला थोडंफार दिसतं तो कुठेतरी अडखळतो. बायको अडखळली नव्हती. जिन्यातला क्रमसुद्धा तिनं बदलला नव्हता.

हेडबाईंनी ग्लास हुंगला, त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो इतका उजळला होता की खरं सांगायची कोणाची हिंमत होईल? "चेरी," हेडबाई म्हणाल्या. वकिलांनी आधी नाक चिमटीत धरलं, मग सोडलं, एक घोट घेतला, तो कसाबसा खाली ढकलला आणि म्हणाले, "अंजीर. निःसंशय अंजीर." कप्तानांनी आयुष्यभर बोटीवरच्या मोठमोठ्या माणसांच्या तोंडावर बाटल्या परत केल्या होत्या. त्यांनी आपला ग्लास रिकामा केला आणि व्हॅनिला आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी कोणीच थुंकलं नाही. बायकोनं दुसरा ग्लास मागून घेतला, मीही घेतला, आणि सगळ्यांनी मांडी मात्र मनापासून खाल्ली. ती खरोखर उत्तम झाली होती.

मंडळी गेल्यावर मी ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेलो. दुकानात मी लोकांना वाईट बातम्या देतो, त्याची एक पद्धत असते, आधी खुर्ची द्यायची, मग पाणी द्यायचं. मी तिच्यासाठी पाणी भरत होतो. तिनं मला भरू दिलं आणि म्हणाली, "खराब होती ना?"

मी नळ बंद केला.

"वकिलांनी नाक धरलं. मी काय आंधळी आहे? सगळे विष प्यावं तसं पीत होते."

"मग तू चेरी का म्हणालीस?"

"तुम्ही एवढं केलंत," ती म्हणाली. "ती कचेरी, ते बीट, तो छातीचा फोटो. मला वाटलं, यांना एकदा तरी यश येऊ दे. आणि खरं सांगू? म्हणता म्हणता मला वाटलं, आता येईल. चेरी म्हणाले, थांबले, वाटलं आता येईल. मग अंजीर म्हणाले." तिनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा उलगडलं. "तुम्ही का प्यायलात मग? तुम्हाला तर वास येत होता."

"तू पीत होतीस म्हणून."

"कसा होता तो? सांगा ना. छान आहे म्हणू नका, नीट सांगा."

मी सांगितलं. पोतेरं सांगितलं, बादली सांगितली, बंद घर सांगितलं, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्राच्या रद्दीसारखं काहीतरी त्यात होतं तेही सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती, एकेक शब्दावर मान हलवत होती. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "एवढा घाण वास, आणि माझ्या नाकाखाली होता." आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम आलं. मी चष्म्याचा माणूस, मला नाकाचं काही करता येत नाही. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि मलाही रडू आवरलं नाही.

डोळे पुसल्यावर ती शांत झाली. म्हणाली, "उद्या जाऊन नाही म्हणून सांगते." मी म्हणालो, डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षांतही येतं. ती म्हणाली, "आणि तोवर त्या लोकांना मी अंदाजानं जेवू घालू? उद्या पुन्हा दूध नासलेलं असलं तर?"

सोमवारी मी दुकानातून निघून छापखान्यापाशी गेलो आणि फाटकाबाहेर उभा राहिलो. जेवणाची सुट्टी संपून माणसं आत गेली, मग ती बाहेर आली. हातात पिशवी होती, पिशवीत तिचा ॲप्रन आणि कँटीनमध्ये घालायच्या जुन्या चपला. मी पिशवी घेतली. थोडं चालल्यावर विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"काही नाही. जेवून जा म्हणाले."

"जेवलीस?"

"जेवले. नव्या बाईनं केलं होतं. तरुण आहे, घाबरली होती. माझ्यासमोर ताट ठेवून तिथेच उभी राहिली, हात पुसत." ती रस्त्याकडे पाहत चालत होती. "मी दोन घास खाल्ले आणि तिला सांगितलं, सुरेख झालंय."